नाईलच्या वरच्या अंगाला

२५ मे हा आफ्रिका दिन. १९६३ साली याच तारखेला इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, ३२ स्वतंत्र आफ्रिकी देशांनी आफ्रिकी ऐक्य संघटना स्थापन केली. आजचा आफ्रिकी संघ तिचाच वारस. त्याच वर्षी ऑक्सफर्डचे नामवंत इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी एका व्याख्यानात आफ्रिकेचा विषय काढला. हल्ली विद्यार्थी आफ्रिकेचा इतिहास शिकवा म्हणतात. पण युरोपियनांनी आफ्रिकेत जे केले तेवढाच तिथला इतिहास, बाकी सारा अंधार, आणि अंधाराचा इतिहास शिकवता येत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. एक खंड पारतंत्र्यातून उठून उभा राहत होता आणि जगातल्या एका मोठ्या विद्यापीठाचा प्राध्यापक त्याला सांगत होता की तुला भूतकाळ नाही.

पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, युनेस्कोने आफ्रिकेचा समग्र इतिहास लिहवून घेण्याचे काम हाती घेतले. त्याचे आठ खंड झाले. पहिले दोन १९८१ साली निघाले. पहिल्याचे संपादक अप्पर व्होल्टाचे, म्हणजे आजच्या बुर्किना फासोचे, जोसेफ की-झेर्बो. दुसऱ्याचे, प्राचीन संस्कृतींच्या खंडाचे, इजिप्तचे गमाल मुख्तार. लेखकांत आफ्रिकी विद्वान मोठ्या संख्येने होते. २००९ पासून हे खंड शाळेच्या वर्गापर्यंत कसे न्यावेत यावरही युनेस्कोने काम सुरू केले. विद्यापीठांतला वाद या खंडांनी बराचसा निकालात काढला. शाळेतला तसाच राहिला आहे. अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना, आपल्या सहावी-सातवी-आठवीच्या मुलांना, प्राचीन आफ्रिका शिकवायची की नाही आणि शिकवायची तर कशी, याचा विचार शाळा उघडण्याआधी करावा असे आम्हाला वाटते.

आपल्या मुलाला आफ्रिका कशी भेटते ते पाहा. भूगोलात सहारा, किलिमांजारो आणि विषुववृत्तीय जंगल. टीव्हीवर सिंह आणि रानम्हशींचे कळप. इतिहासात गांधीजींना रेल्वेच्या डब्यातून उतरवले ते पीटरमारित्झबर्गचे स्टेशन, आणि नंतर थेट मंडेला. त्याआधी काय होते? इजिप्त होता, हे कुणीही मूल सांगेल. पिरॅमिड, ममी, तुतनखामेन. पण त्या मुलाच्या मनातला इजिप्त आफ्रिकेत नसतो. तो मेसोपोटेमियाच्या शेजारी, ग्रीसच्या अलीकडे, कुठेतरी अधांतरी असतो. जगभरच्या पाठ्यपुस्तकांनी कित्येक पिढ्या इजिप्तला त्याच्या खंडापासून असेच सोडवून घेतले. प्राचीन आफ्रिकेचा पहिला तास म्हणूनच नकाशापासून सुरू व्हावा. मुलांना नाईल काढायला लावावी आणि ती कुठून कुठे वाहते ते विचारावे. नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे येते, म्हणून इजिप्तची वरची बाजू नकाशात खाली असते, हे उमगले की मुले आपण होऊन विचारतात: मग आणखी वर गेले तर काय?

आणखी वर गेले की नदीतले खडकाळ धबधबे लागतात आणि तिसऱ्या धबधब्याच्या वर, आजच्या सुदानमध्ये, केर्मा लागते. इ. स. पू. २५०० ते १५०० या काळातले हे नगर कुश राज्याची राजधानी होते. कच्च्या विटांची डेफुफा नावाची तिथली वास्तू आज इतक्या झिजेनंतरही १८ मीटरच्या आसपास उंच आहे. १९१३ ते १९१६ या काळात जॉर्ज रायस्नर या अमेरिकन उत्खननकर्त्याने इथल्या प्रचंड थडग्यांचे खोदकाम केले. त्याला त्यांत इजिप्शियन अधिकाऱ्यांचे पुतळे सापडले आणि त्याने निष्कर्ष काढला की इथे इजिप्तहून पाठवलेले सुभेदार पुरले आहेत. एवढे वैभव स्थानिक काळ्या माणसांचे असेल, हे त्याला पटेचना. खोदकाम त्याने अतिशय काटेकोर केले, नोंदी उत्तम ठेवल्या, आणि उत्तर चुकवले. पुढे शार्ल बोने या स्विस पुरातत्त्वज्ञाने १९७० च्या दशकापासून तिथे वर्षानुवर्षे काम केले तेव्हा चित्र उलटले. थडगी कुशच्या राजांचीच होती. इजिप्शियन पुतळे त्यांनी उत्तरेकडून आणलेले होते. बारा वर्षांच्या मुलापुढे हा प्रसंग ठेवावा. पुतळा सापडला, तो इजिप्शियन आहे, मग थडगे कुणाचे? वर्गातून दोन्ही उत्तरे येतील, आणि ती यायलाच हवीत. कुणाच्या दिवाणखान्यात जपानी बाहुली दिसली म्हणून तो माणूस जपानी ठरत नाही, हे मुलांना शिक्षकांनी सांगावे लागत नाही.

कुशचा उत्तरार्ध तर आणखी रंगतदार. इ. स. पू. ७२७ च्या सुमारास पिये नावाच्या कुशच्या राजाने नाईलच्या काठाने उत्तरेला जाऊन इजिप्त जिंकला. त्याचा विजयलेख जेबेल बार्कल या पवित्र टेकडीपाशी १८६२ साली सापडला. शत्रूचे एक शहर हाती आल्यावर पिये तिथल्या राजाच्या तबेल्यात गेला आणि वेढ्याच्या काळात घोडे उपाशी ठेवले गेले हे पाहून भयंकर संतापला, असे त्या लेखात कोरले आहे. लढाईतल्या कुठल्याही अपराधापेक्षा त्याला ते जास्त लागले. त्याच्या घराण्याच्या दफनभूमीत, एल-कुर्रूला, घोडे उभ्या स्थितीत पुरलेले सापडले. सातवीतल्या मुलाला इसवीसनपूर्व आठव्या शतकातला माणूस माणूस म्हणून दिसायला एवढा तपशील पुरतो. या घराण्याने सुमारे ७० वर्षे इजिप्तवर राज्य केले. ताहार्का हा त्यातला सर्वांत मोठा राजा. त्याचे नाव बायबलमध्येही येते. असिरियाच्या फौजांपुढे तो हरला, इजिप्त गेला, पण कुश संपले नाही. आधी नापाटा आणि नंतर मेरोए अशा राजधान्यांतून ते पुढे हजार वर्षे टिकले. मेरोएत लोखंड गाळल्यावर उरणाऱ्या मळीचे ढीग अजून आहेत. सुदानमधल्या पिरॅमिडांची संख्या २०० च्या वर, म्हणजे इजिप्तपेक्षाही जास्त आहे.

मेरोएच्या राण्या स्वतः राज्य करीत. इ. स. पू. २५ च्या सुमारास रोमन सैन्याशी मेरोएची लढाई जुंपली, त्या वेळच्या राणीचे नाव अमानिरेनास. १९१० साली मेरोएच्या उत्खननात एका वास्तूच्या पायऱ्यांखाली सम्राट ऑगस्टसचे ब्राँझचे शिर सापडले. रोमनांच्या पुतळ्याचे मुंडके तोडून आणले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय त्यावर पडावा अशा जागी गाडले होते. वाळूत पुरल्यामुळे त्याचे काचेचे डोळेसुद्धा शाबूत राहिले. आज ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि ते तिथे का आहे हा प्रश्नही वर्गात निघाल्याशिवाय राहणार नाही. निघू द्यावा.

आणि मेरोएची लिपी! ग्रिफिथ या अभ्यासकाने १९११ च्या सुमारास तिच्या अक्षरांचे उच्चार लावले. म्हणजे लेख आज मोठ्याने वाचता येतात. पण ती भाषा मात्र अजून पुरती कळलेली नाही. काही नावे, काही शब्द, काही ठरावीक वाक्यांचे अर्थ, एवढेच हाताशी आहे. पाठ्यपुस्तकातला इतिहास मुलांना नेहमी संपलेला, बांधून ठेवलेला भेटतो. इथे एक अख्खी भाषा तुमच्यापैकी कुणाची तरी वाट पाहते आहे, असे शिक्षक सांगू शकतात, आणि ते अक्षरशः खरे आहे.

आम्हाला मुख्य म्हणायचे आहे ते हेच. आफ्रिकेच्या प्राचीन इतिहासाचे मोल त्यातल्या राजांच्या आणि सोन्याच्या यादीत फारसे नाही. या इतिहासात उत्तर आधी ठरवून पुरावा नंतर पाहण्याचे प्रकार इतके उघडपणे घडले आहेत, की पुरावा कसा वाचावा हे शिकवायला याहून चांगला विषय सापडणे कठीण. आणि अकरा ते तेरा हे वय त्यासाठी नेमके आहे. या वयातले मूल प्रत्येक गोष्टीला 'कशावरून?' म्हणते. घरात त्याचा वैताग येतो; इतिहासाच्या तासाला त्याचे स्वागत व्हायला हवे.

ग्रेट झिम्बाब्वेचेच घ्या. हे नगर प्राचीन नव्हे, अकराव्या ते पंधराव्या शतकांतले. पण शिकवताना ते गाळू नये, कारण तिथे जे घडले ते मुले विसरत नाहीत. चुना-माती न वापरता नुसते घडीव दगड रचून बांधलेली तिथली मोठी भिंत २५० मीटर लांब आणि जागोजागी ११ मीटरपर्यंत उंच आहे. १८७१ साली कार्ल माउख हा जर्मन प्रवासी तिथे पोचला. दाराच्या तुळईचा एक तुकडा त्याने काढला, त्याचा रंग आणि वास आपल्या शिसपेन्सिलीच्या लाकडाशी ताडून पाहिला आणि ठरवले की हे देवदार आहे. देवदार लेबनॉनचा, लेबनॉनचे लाकूड फिनिशियन व्यापाऱ्यांनी आणले असणार, म्हणजे ही वास्तू शेबाच्या राणीची! एका पेन्सिलीवरून बायबलपर्यंत. लाकूड खरे तर त्याच भागातल्या एका झाडाचे होते. पुढे १९०२ पासून रिचर्ड हॉल या गृहस्थाने परकीय संस्थापकांच्या शोधात तिथले मातीचे थर उपसून फेकून दिले, आणि त्या थरांत जे स्थानिक माणसांच्या जगण्याचे पुरावे होते ते कायमचे गेले. १९०५ मध्ये रँडल-मॅकआयव्हर या पुरातत्त्वज्ञाने आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन करून वास्तू आफ्रिकी माणसांनीच बांधली असे दाखवले. केटन-थॉम्पसन यांच्या सोबतीला दोन तरुण स्त्रिया होत्या. त्यांतल्या कॅथलीन केनियन पुढे जेरिकोच्या उत्खननामुळे जगप्रसिद्ध झाल्या. तरीही ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारला हे उत्तर चालत नव्हते. मार्गदर्शक पुस्तिकांवर, शाळेच्या पुस्तकांवर दबाव आला. पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला १९७० मध्ये देश सोडावा लागला. दहा वर्षांनी देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याने या दगडी नगराचेच नाव घेतले. पेन्सिलीची गोष्ट मुलांना सांगावी आणि माउखचे कुठे चुकले ते त्यांनाच शोधू द्यावे. आठवीच्या मुलांना हे पाच मिनिटांत जमते.

एक सावधगिरी मात्र हवी. नाकारलेला इतिहास परत मिळवताना माणसे दुसऱ्या टोकाला जातात. सगळे शोध आफ्रिकेतच लागले, सगळे राजे न्यायी होते, अशी मांडणीही होते, आणि मुलांवर ती तितकाच अन्याय करते. केर्माच्या राजांच्या थडग्यांत त्यांच्यासोबत माणसांचे बळी दिलेले आहेत, एकेका थडग्यात शेकड्यांनी. कुश आणि प्राचीन इथिओपियातल्या अक्सुमच्या राज्यांत गुलाम होते. हे लपवू नये. तसेच मालीच्या मन्सा मूसा या सम्राटाचे. आजकाल आफ्रिकेचा इतिहास म्हटले की १३२४ सालची त्याची हजयात्रा आणि वाटेत उधळलेले सोने, एवढेच पुढे येते, आणि त्याला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून पेश केले जाते. मुलांना गोष्ट आवडते हे खरे. पण संस्कृतीची थोरवी एका माणसाच्या संपत्तीने मोजायची सवय आम्हाला शाळेत लावायची नाही.

त्यापेक्षा त्याच मालीतले जेने-जेनो शिकवावे. रॉडरिक आणि सुझन मॅकिंटॉश यांनी १९७७ पासून हे टेकाड खोदले. इ. स. पू. २५० च्या सुमाराला वसलेली वस्ती, पुढे वाढत मोठे नगर झालेली. लोखंड होते, व्यापार होता, भात पिकत होता. पण राजवाडा सापडला नाही, किल्ला सापडला नाही, कुणा एका राजाची खूण नाही. वाळवंटापलीकडून अरब व्यापारी आल्यावरच या भागात शहरे उभी राहिली, असे तोवर मानले जाई. हे शहर त्यांच्या कितीतरी शतके आधीचे निघाले. राजाशिवाय शहर चालेल का, कोण कसे चालवत असेल, यावर मुलांना बोलते करावे. नागरिकशास्त्राचा तासही त्यात आपोआप होतो.

नायजेरियातल्या नोक संस्कृतीचे एक भाजलेल्या मातीचे शिर तर १९४३ साली शेतातल्या बुजगावण्याला लावलेले आढळले. कथिलाच्या खाणीत ते निघाले होते. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचे ते काम आहे हे कुणाच्या गावी नव्हते. पुरातत्त्वज्ञ बर्नार्ड फॅग यांनी ते ओळखले आणि एक अख्खी संस्कृती उजेडात आली. शेतात, विहिरीच्या खोदाईत, रस्त्याच्या कामात काय निघते आणि त्याचे काय होते, हे आपल्याकडच्या खेड्यातल्या मुलालाही चांगले ठाऊक असते. आणि लेखी साधनेच नसतील तेव्हा? माली साम्राज्याचा संस्थापक सुंजाता याची कथा तिथल्या गायकघराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपली. पोवाडा ऐकलेल्या मराठी मुलाला तिचे स्वरूप लगेच कळते: गाणाऱ्याने काय राखले, काय खुलवले, आणि दुसऱ्या पुराव्याशी काय ताडून पाहायचे.

आता महाराष्ट्राच्या वर्गात हे कुठे बसवायचे, असा रास्त प्रश्न शिक्षक विचारतील. तास मोजके, परीक्षा डोक्यावर, आणि सहावीत प्राचीन भारत, सातवीत शिवकाल, आठवीत आधुनिक भारत अशी रुळलेली रचना. स्वतंत्र पाठ्यपुस्तकाची मागणी आम्ही करत नाही. जिथे आफ्रिका आपल्या इतिहासात आधीच उभी आहे, तिथे तिच्याकडे बोट दाखवा, एवढेच म्हणतो. शोधायला फार लांब जावे लागत नाही. ज्वारी आफ्रिकेतली. पूर्व सुदानमध्ये इसवीसनपूर्व चौथ्या सहस्रकातल्या खापरांत तिच्या माणसाळलेल्या वाणाचे ठसे मिळाले आहेत. मडकी घडवताना मातीत कोंडा मिसळलेला होता. बाजरीचे असेच पुरावे मालीतल्या तिलेम्सी खोऱ्यात आहेत. नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ मुलखातली, चवळी पश्चिम आफ्रिकेतली. सोलापूरच्या मुलाची भाकरी, नगरच्या मुलाची भाकरी आणि कोकणातल्या मुलाची भाकरी, तिन्ही आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या मेहनतीतून आलेल्या. हजारो वर्षे निवडून निवडून ज्यांनी गवताचे धान्य केले, त्या माणसांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत. निदान त्यांचा खंड तरी मुलांना कळावा.

सातवाहनांच्या पाठात रोमशी व्यापार येतो. तो व्यापार तांबड्या समुद्रातून, आफ्रिकेच्या किनाऱ्याने चाले. इजिप्तच्या बेरेनिके बंदरात भारतीय मातीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. २०२३ मध्ये तिथली बुद्धमूर्ती जाहीर झाली, आणि त्याच उत्खननातली दोन सातवाहन नाणीही. दक्षिणेला अडुलिस हे अक्सुम राज्याचे बंदर होते. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या प्रवासवर्णनात, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून तिकडे लोखंड, पोलाद आणि सुती कापड जात असे, अशी नोंद आहे. अक्सुमने पुढे स्वतःची सोन्याची नाणी पाडली, चौथ्या शतकात एझाना राजाच्या काळी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, अखंड दगडाचे प्रचंड स्तंभ उभारले. त्यांतला २४ मीटरचा एक मुसोलिनीने १९३७ मध्ये रोमला नेला. तो परत यायला २००५ उजाडले.

आणि त्याच इथिओपियातून गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनला आलेला मलिक अंबर. निजामशाहीचा कर्ताधर्ता, १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणारा, तिथल्या भूमिगत नहरींनी पाणी खेळवणारा, मुघलांना गनिमी काव्याने जेरीस आणणारा. मे १६२६ मध्ये त्याचे निधन झाले. २०२६ मध्ये त्याला ४०० वर्षे झाली. खुलताबादला त्याची कबर आहे. आपल्या मुलांना तो शहाजीराजांच्या काळातला एक सरदार म्हणून माहीत होतो. ज्या प्रदेशातून तो आला तिथे त्याच्या हजार वर्षे आधीच राज्ये, लिपी आणि नाणी होती, हे सांगितले तर हा माणूस रिकाम्या जागेतून उगवल्यासारखा वाटणार नाही.

याची निकड रस्त्यावरही दिसते. पुण्यात सुदानी, इथिओपियन, केनियन विद्यार्थी वर्षानुवर्षे शिकायला येतात. त्यांना बसमध्ये कसे पाहिले जाते, घर भाड्याने मागताना काय ऐकावे लागते, हे त्या शहरात कुणापासून लपलेले नाही. बसमध्ये शेजारी बसलेला मुलगा पियेच्या देशातला आहे हे ठाऊक असलेले मराठी मूल त्याच्याशी वेगळे बोलेल, असा आमचा विश्वास आहे. आणि तो देश आज कशातून जातो आहे! एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटले आणि खार्तूमचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले. केर्मा, नापाटा, मेरोए यांच्या वस्तूंचा सर्वांत मोलाचा साठा तिथे होता. आस्वानच्या धरणाखाली न्युबिया बुडत असताना १९६० च्या दशकात साऱ्या जगाने मिळून वाचवलेल्या मंदिरांतली काही याच संग्रहालयाच्या आवारात आणून उभी केली होती.

काम कुणी करायचे? बालभारतीने जूनच्या शिक्षक प्रशिक्षणात ज्वारी, बेरेनिके आणि मलिक अंबर असे तीन जोडपाठ द्यावेत. नकाशे आणि छायाचित्रे असली तर शिक्षकांना फार काही जास्तीचे वाचावे लागणार नाही. 'किशोर' मासिकाने पियेचे घोडे आणि माउखची पेन्सिल मुलांपर्यंत न्यावी. त्यासाठी जागा तिथे आहे आणि लेखकही. आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने युनेस्कोच्या इतिहासाचा दुसरा खंड, मुख्तारांचा, मराठीत आणण्याचे काम यंदा हाती घ्यावे. आठही खंडांचा आग्रह आत्ता नको. संक्षिप्त आवृत्ती घेतली तरी चालेल, पण नकाशे गाळू नयेत. मूळ खंड युनेस्कोने मोफत वाचायला खुले ठेवले आहेत, आणि इतिहास जाणणारे, इंग्रजी-फ्रेंच वाचणारे अनुवादक आपल्याकडे आहेत.